एकशे बारा भोकांचा दाखला

भिंतीवरच्या घड्याळाला जाहीर विरोध करणारा पहिला कर्मचारी, अशी हेडक्लार्कांची नोंद पाणीपुरवठा कार्यालयाच्या इतिहासात व्हायला हरकत नव्हती. तोवर जो कोणी निवृत्त झाला, त्याला कार्यालयानं घड्याळच दिलं होतं. ज्या दिवसापासून माणसाला कुठंही वेळेवर पोचायचं नाही, नेमकं त्याच दिवशी त्याच्या हातात घड्याळ ठेवायचं, यात काही विसंगत आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. किंवा वाटलं असेलही, पण घड्याळ आणायला एकच माणूस लागतो आणि दुकान कोपऱ्यावरच आहे, हा मुद्दा विसंगतीपेक्षा भारी ठरला असेल.

"चौकशीबाईंना घड्याळ द्यायचं नाही," हेडक्लार्क सभेत उभं राहून म्हणाले. "मुद्दा एक. त्या आजवर एकदाही उशिरा आलेल्या नाहीत. मुद्दा दोन. त्यांना थंडी वाजते."

दोन्ही मुद्दे खरे होते. चौकशीबाई एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसत होत्या. नळाला पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, बिल दुप्पट आलं, मीटर उलटं फिरलं, काहीही झालं तरी संतापलेला माणूस पहिल्यांदा त्यांच्यासमोर येऊन आदळायचा. येताना तो कार्यालय जाळून टाकायच्या गोष्टी करत यायचा आणि दहा मिनिटांनी आपल्या गुडघेदुखीवर त्यांचा सल्ला घेऊन जायचा. आतले सगळे शांतपणे चहा पिऊ शकत होते ते केवळ त्या खिडकीमुळं. कागद आतबाहेर करायला तिच्या काचेला खाली अर्धगोल भोक होतं, आणि त्यातून वर्षाचे बाराही महिने गार वाऱ्याची एक पट्टी बरोबर बाईंच्या गुडघ्यांवर यायची. बाई मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र ठेवून त्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बोला, काय झालं?"

"म्हणून," हेडक्लार्क म्हणाले, "आपण सगळ्यांनी आपापला एकेक जुना कपडा द्यायचा आणि त्यांची एक गोधडी करायची. आपल्या सगळ्यांच्या आठवणीची ऊब."

प्रस्ताव एकमतानं मंजूर झाला. त्या कार्यालयात कुठलीच गोष्ट एकमतानं मंजूर होत नसे, त्यामुळं हेडक्लार्कांना तिथंच शंका यायला हवी होती. पण ते ऊब या शब्दावर खूश होते. सभा संपून माणसं उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ज्याची कल्पना त्याचं काम, हा कार्यालयातला एकच नियम असा आहे की जो कुठंही लिहिलेला नाही आणि तरी सगळे पाळतात. निरोप समारंभाला बारा दिवस होते. बाईंना काही कळू द्यायचं नव्हतं.

कापडं गोळा करण्यात तीन दिवस गेले. लेखापालांनी एका पँटचा एक पाय दिला. दुसरा पाय कुठं आहे, हे विचारायचा धीर कोणाला झाला नाही. साहेबांनी टाय दिला, तोही अर्धा, कारण उरलेला अर्धा लागू शकतो असं त्यांचं म्हणणं होतं. आवक-जावकवाल्या ताईंनी मुलीचा लहानपणीचा फ्रॉक दिला आणि देताना दोनदा परत घेतला. भांडारपाल मात्र सगळ्यांत पुढं गेले. ते म्हणाले, "माझ्या कपड्यांचं काय घेऊन बसलात. मी कार्यालयाचंच कापड देतो." फायली बांधायचं ते जाडंभरडं लाल कापड, चांगलं दोन हात लांबरुंद. हेडक्लार्कांचे डोळे पाणावले. मग भांडारपाल म्हणाले, "फक्त एक मागणीपत्र द्या. तीन प्रतींत. आणि कापड जीर्ण झाल्याचा समितीचा दाखला."

समिती तिघांची असते. तिघांनी ते कापड उजेडात धरलं, ओढून पाहिलं. ते इतकं भक्कम होतं की त्यातून समितीला झोका बांधता आला असता. शेवटी समितीनं त्याला 'भावनिकदृष्ट्या जीर्ण' असा शेरा दिला आणि कापड एका निळ्या पिशवीतून हेडक्लार्कांच्या घरी गेलं.

आता घरचा मामला. हेडक्लार्कांची बायको बालवाडीत शिकवायची आणि सगळ्या जगाशी त्याच आवाजात बोलायची.

"गोधडी हातानं शिवतात," ती म्हणाली. "रोज थोडी थोडी. दीड महिना लागेल."

"दीड महिना नाही, नऊ दिवस आहेत. तुझं मशीन आहे ना घरात."

"आहे. त्याच्यावर उशांचे अभ्रे शिवायचे असतात. तीन थर घालून त्याच्यावर गोधडी घेतली तर तेही बिघडेल आणि गोधडीही. अहो, हाताचा टाका चुकायच्या आधी थांबतो, विचारतो. मशीन विचारत नाही, जातं पुढं."

हेडक्लार्कांना न विचारता पुढं जाणाऱ्या गोष्टीचं फार आकर्षण होतं, कारण आयुष्यभर त्यांचा संबंध पुढं न जाणाऱ्या गोष्टींशीच आला होता. त्यांनी मशीनची बाजू घेतली. बायको म्हणाली, "घ्या. पण मी हात लावणार नाही. फक्त दोरा कसा ओवायचा ते दाखवीन."

ही बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरेसा झाला. वरच्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम खाली आल्या. "मशीनवर शिवलेली गोधडी म्हणजे पोतं," त्या म्हणाल्या. "पोत्यात बटाटे घालतात, माणसं नाही." त्या जेमतेम वर गेल्या असतील, तोच तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनियर वर आले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि शर्टाचं बटणही कधी लावलं नव्हतं. "पूल आणि गोधडी यांत तत्त्वतः फरक नाही," ते म्हणाले. "दोन्हीकडे भार सारखा वाटून द्यायचा. हाताचं काम म्हणजे बेभरवशाचं. मी येतो मदतीला." कोणी बोलावलं नव्हतं, पण येतो म्हणणाऱ्या माणसाला नको म्हणणं हेडक्लार्कांच्या स्वभावात नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मशीन उलटं चाललं. पायडल पुढं दाबलं की कापड मागं यायचं. इंजिनियरांनी त्यावर एक आकृती काढली. बायकोनं जाता जाता हातचाकाला एक टिचकी मारली आणि ते सरळ चालायला लागलं. इंजिनियरांनी आकृतीत दुरुस्ती केली.

दुसऱ्या संध्याकाळी काम छान झालं. हेडक्लार्कांनी सलग चार हात शिलाई घातली, घाम पुसला आणि गोधडी उचलली, तर तिच्याबरोबर टेबलक्लॉथही उठला. त्यावर ठेवलेला चहाचा कप उठला नाही, तो खाली गेला. टेबलक्लॉथ उसवायला दीड तास लागला. तेव्हा त्यांना पहिल्यांदा समजलं, की मशीनचा टाका जितका पटकन पडतो तितकाच निघायला नाठाळ असतो. पण शहाणपण असं एका टेबलक्लॉथवर येत नसतं.

रविवारी मोठा पेच आला. लेखापालांचा पाय, साहेबांचा टाय, ताईंचा फ्रॉक आणि बाकीची ठिगळं जोडून कडेची चौकट झाली होती, मधोमध ते लाल कापड दुहेरी घातलं होतं, त्याखाली जुनं ब्लँकेट आणि त्याखाली चादर. एवढं सगळं गुंडाळून मशीनच्या हाताखालून जाईना. जे बाहेर लोंबे त्याचं वजन सुईला ओढी. तीन सुया मोडल्या, चौथी वाकली.

"भार," इंजिनियर समाधानानं म्हणाले. "मी म्हणालो नव्हतो?"

त्यांनी गोधडीच्या लोंबणाऱ्या टोकाला दोरी बांधली आणि ती वर पंख्याला अडकवली. हे खरोखर चाललं. सुई सरळ धावू लागली, गोधडी तरंगत तरंगत पुढं सरकू लागली. हेडक्लार्कांचं मन इतकं भरून आलं की मान वर न करता ते म्हणाले, "काय डोकं आहे हो तुमचं. फार गरम होतंय, जरा पंखा लावता का?"

इंजिनियरांनी लावला.

पुढचं जे झालं ते फार वेळ झालं नाही. बायको आतून आली तेव्हा गोधडी छताशी गरगर फिरत होती, मशीन आडवं होतं आणि दोन मोठी माणसं पलंगाखाली होती. तिनं बटण बंद केलं, गोधडी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "हात धुऊन या दोघं. चहा केलाय." त्या क्षणी हेडक्लार्कांना तिच्याबद्दल जी कृतज्ञता वाटली, ती त्यांनी लग्नाच्या वाढदिवसांनाही कधी व्यक्त केली नव्हती. त्या दिवशीही केली नाही, पण चहा दोन वेळा घेतला.

मशीन पडूनही चालत होतं. सोमवारी संध्याकाळी गोधडी पुरी झाली. शिलाया सरळ नव्हत्या. काही ठिकाणी त्या दमल्यासारख्या बाजूला जाऊन परत आल्या होत्या. पण गोधडी होती, जाड होती आणि ओढली तर फाटत नव्हती. हेडक्लार्कांनी ती पायांवर घेऊन पाहिली. मधेच काहीतरी कुरकुर वाजलं.

"कापडाला खळ असेल," ते बायकोला म्हणाले.

"इतकी?" बायको म्हणाली. पण तिनं हात न लावायचं ठरवलं होतं, म्हणून तिनं हात लावला नाही.

मंगळवारी सकाळी साहेबांनी हेडक्लार्कांना आत बोलावलं. "चौकशीबाईंचे निवृत्तिवेतनाचे कागद शुक्रवारपर्यंत वरच्या कार्यालयात गेले पाहिजेत. सगळं आहे, फक्त सेवा पडताळणीचा दाखला दिसत नाही. मी सही करून तुमच्याकडं दिला होता."

हेडक्लार्कांनी मान डोलावली. दाखला त्यांच्याकडं आला होता, हे पक्कं होतं. पुढं काय झालं, ते पक्कं नव्हतं. दाखल्यासाठी एकतीस वर्षांच्या नोंदी तपासून तीन कार्यालयांच्या सह्या गोळा केल्या होत्या. त्यातले एक अधिकारी आता हयातही नव्हते. पुन्हा करायचा म्हटलं तर सहा महिने गेले असते आणि तोवर बाईंना निवृत्तिवेतन सुरू झालं नसतं.

शोध सुरू झाला. नियमाप्रमाणं शोधाचे प्रमुख हेडक्लार्कच होते. त्यांनी सगळ्यांना लेखी सूचना काढली, स्वतःलाही एक काढली आणि स्वतःच ती मिळाल्याची सही केली. कपाटं ओढली गेली. भिंतीमागं सापडलेल्या एका अर्जावर तीन वर्षांपूर्वीच निर्णय व्हायला हवा होता, तो आता झाला. दाखला मिळाला नाही.

दुपारी बाईंना सांगणं भाग पडलं. हेडक्लार्क खिडकीपाशी गेले आणि काहीतरी लांबलचक बोलले, ज्यात 'सदर', 'तूर्त' आणि 'आढळून येत नाही' हे शब्द होते.

चौकशीबाईंनी मांडीवरचं वर्तमानपत्र नीट केलं. "हरवला का?"

"तूर्त आढळून..."

"सापडेल, भाऊ. कागदाला पाय नसतात. जेवलात का तुम्ही?"

ते जेवले नव्हते. तिथून जाताना त्यांना इतकं लाजल्यासारखं झालं की ते चुकून भांडारात गेले. भांडारपाल तिथं एका लाल कापडात जुन्या फायली बांधत बसले होते. कागद मुडपू नयेत म्हणून घडीत अलगद सरकवत होते, जसं गेली तीस वर्षं सगळे करत आले होते. हेडक्लार्क ते हात बघत उभे राहिले आणि त्यांना सगळं आठवलं. तारखा एकदा शांतपणे तपासाव्यात म्हणून त्यांनी दाखला घरी नेला होता. तो निळ्या पिशवीत ठेवताना चुरगळू नये म्हणून लाल कापडाच्या घडीत सरकवला होता. आणि तीच दुहेरी घडी तशीच्या तशी गोधडीच्या मधोमध घातली होती.

ती खळ नव्हती.

बुधवारी सकाळी गोधडी चादरीत गुंडाळून मागच्या दारानं दप्तराच्या खोलीत आणली गेली. हेडक्लार्क, लेखापाल आणि ताई तिच्याभोवती बसले. ताईंनी मधोमध दाबून पाहिलं. कुरकुरलं. लेखापाल म्हणाले, "मृत्यूनंतर तपासणी करतात तसं वाटतंय," आणि खिशातून ब्लेड काढलं. अर्ध्या तासात त्यांनी एक बोटभर शिलाई उसवली आणि लाल कापडाला टीचभर चीर पाडली. आणखी थोडं खोल गेलं असतं तर दाखल्याचे दोन झाले असते. दोन दाखले असणं हे एकही नसण्यापेक्षा वाईट, असं लेखापालांचंच मत पडलं आणि त्यांनी ब्लेड खाली ठेवलं.

तेवढ्यात दार उघडलं. चौकशीबाई होत्या. "एका माणसाची जुनी फाईल हवी होती," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. खोलीच्या मधोमध गोधडी पसरलेली होती. "ही कोणाची?"

ताईंनी हेडक्लार्कांकडं पाहिलं. मग लेखापालांनी हिशेबी माणसाच्या तत्परतेनं सांगितलं, "हेडक्लार्कांच्या नात्यातल्या एका बाईंसाठी आहे."

"बरं," चौकशीबाई म्हणाल्या. त्यांनी चप्पल काढली आणि खाली बसल्या. "उसवायचीय ना? असं ओढून नाही निघायचं. मशीनचं आहे. दोन दोरे असतात, एक वरचा, एक खालचा, प्रत्येक टाक्याला एकमेकांना धरून बसलेले. एकाला ओढलं की दुसरा घट्ट होतो. सुई द्या आणि लहान कात्री. आणि खिडकीवर जा कोणीतरी, चार माणसं उभी आहेत."

लेखापाल खिडकीवर गेले.

बाईंनी गोधडी मांडीवर घेतली. वरच्या बाजूचा प्रत्येक चौथा टाका कापत गेल्या, नुसता टिकटिक आवाज. मग गोधडी उलटी केली आणि खालच्या दोऱ्याचं टोक धरून हलकेच ओढलं. हातभर शिलाई एका दमात सुटली. हेडक्लार्कांनी टेबलक्लॉथला दिलेला दीड तास त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला.

"हाताचं असतं तर एवढंही लागलं नसतं," बाई म्हणाल्या. "एकच दोरा, गाठ सोडली की आला. भाऊ, दोरा धरा."

हेडक्लार्कांनी धरला. बाई उसवत होत्या आणि बोटं ठिगळांवरून जात होती. लाल कापड. साहेबांचा टाय, जो कार्यालयात दर सोमवारी सगळ्यांनी पाहिला होता. ताईंच्या मुलीचा फ्रॉक. ती मुलगी लहानपणी शाळा सुटली की खिडकीशेजारच्या स्टुलावर बसून बाईंकडून पाढे घ्यायची. बाईंचा हात त्या फ्रॉकवर किंचित थांबला आणि पुढं गेला.

दहा मिनिटांत लेखापाल परत आले. त्यांचा चष्मा वाकडा झाला होता. "ते म्हणतात आम्हाला बाईच हव्यात," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. "एका माणसानं मला विचारलं, तुम्ही इथं नक्की काय करता? मला सांगता आलं नाही." मग ताई गेल्या.

घडी उघडली. दाखला बाहेर आला. फाटलेला नव्हता, डागाळलेला नव्हता. फक्त वरून खालपर्यंत, थोडी इकडं थोडी तिकडं झुकत, बारीक भोकांची एक रांग गेली होती आणि ती साहेबांच्या सहीच्या पोटातून पलीकडं निघाली होती.

"बाई," हेडक्लार्क म्हणाले, "हा तुमचाच कागद आहे."

"दिसतंय."

"आणि ही गोधडी..."

"तुमच्या नात्यातल्या बाईंची. हो, सांगितलं मला यांनी."

हेडक्लार्कांना पुष्कळ बोलायचं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ते नवे असताना चारशे बिलांवर त्यांनी एकेक शून्य जास्त लिहिलं होतं. आख्खा दिवस रस्त्यापर्यंत रांग होती आणि बाई प्रत्येकाला "छापखान्याची चूक आहे, दुरुस्त करून देतो" एवढंच सांगत होत्या. आत येऊन त्यांनी हेडक्लार्कांकडं पाहिलंही नव्हतं. त्याबद्दल आभार मानायचे इतक्या वर्षांत राहून गेले होते. पण तोंड उघडलं तेव्हा त्यातून निघालं ते असं: "आपल्या सहकार्याबद्दल हे कार्यालय..."

"भाऊ," बाई म्हणाल्या, "मशीननं पुन्हा शिवू नका. तीच भोकं मोठी होतील, कापड फाटेल. हा मधला भाग हातानंच शिवायला लागणार. असा धावदोरा घालायचा." त्यांनी सुई तिन्ही थरांतून घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. चार टाके झाले. "एवढंच दाखवते. पुढचं मी काही बघितलेलं नाही." त्यांनी दाखला साहेबांकडं नेऊन दिला आणि त्या खिडकीवर परत गेल्या. ज्या फाईलसाठी आल्या होत्या ती घेऊन जायला विसरल्या नाहीत.

दोन दिवस उरले होते. हेडक्लार्कांनी संध्याकाळी घरी सगळं सांगितलं, पंख्याच्या वेळेपेक्षाही खालच्या आवाजात. ते बोलायचे थांबले, पण 'मी सांगितलं होतं' हे वाक्य आलं नाही. बायको म्हणाली, "उद्या मी अर्धी रजा काढते. तुमच्याकडं किती माणसं आहेत? बोटांत घालायला अंगुस्तानं किती लागतील?"

गुरुवारी जेवणाच्या सुटीपासून दप्तराच्या खोलीत नऊ जण गोलाकार बसले. हेडक्लार्कांच्या बायकोनं त्यांना नीट बसवलं, प्रत्येकाला सुई ओवून दिली आणि बालवाडीच्या आवाजात सांगितलं, "घाई नाही करायची. शेजाऱ्याला टोचायचं नाही. ज्याचं झालं त्यानं हात वर करायचा." पाचव्या मिनिटाला साहेबांनी हात वर केला. त्यांनी स्वतःची बाही गोधडीला शिवली होती. बायकोनं गाठ सोडून दोरा ओढला, बाही मोकळी झाली, आणि साहेब त्या मोकळ्या बाहीकडं बघत म्हणाले, "हे फार सोयीचं आहे." भांडारपालांचे टाके इतके मोठे होते की त्यातून बोट जाई. लेखापालांचे इतके मोजून मापून, की ते दोन तासांत वीतभर सरकले. त्यांनी पाडलेल्या चिरेवर त्यांनी स्वतःच एक ठिगळ लावलं. ते पँटच्या दुसऱ्या पायाचं होतं. हेडक्लार्कांच्या बोटाला सोळा वेळा सुई टोचली. सोळाव्यांदा त्यांना हाताचा टाका विचारतो म्हणजे काय, ते कळलं.

शुक्रवारी सकाळी दाखला भोकांसह रवाना झाला आणि दुपारी निरोप समारंभ झाला. हेडक्लार्कांनी सात मुद्द्यांचं भाषण लिहून आणलं होतं. पहिला मुद्दा वाचून त्यांनी कागद खिशात घातला आणि गोधडी बाईंच्या मांडीवर ठेवली. कडेला मशीनची दमलेली शिलाई, मधे नऊ जणांचे नऊ तऱ्हेचे टाके.

बाईंनी ती गुडघ्यांवर पसरली आणि हातानं सारखी केली. "एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी लोकांना सांगत आले, तुमचा कागद आत आहे, निघेल. इतका आत असेल असं मलाही कधी वाटलं नव्हतं."

सगळे हसले. साहेब सगळ्यांत जास्त वेळ हसले, आणि मग रुमाल काढून खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. बाई समारंभभर गोधडी गुडघ्यांवर घेऊनच बसल्या. चहा घेतानाही त्यांनी ती काढली नाही.

तीन आठवड्यांनी वरच्या कार्यालयातून पत्र आलं. 'सोबत जोडलेल्या दाखल्यास एकशे बारा छिद्रे आढळून आली आहेत. सदर छिद्रे कशी पडली, याचा खुलासा तातडीने सादर करावा.' कोणीतरी तिथं बसून ती मोजली होती.

हेडक्लार्कांनी दार लावून घेतलं आणि खुलासा लिहायला बसले. सव्वीस वर्षांत त्यांनी असंख्य खुलासे लिहिले होते, आणि कशातही काही उघड होणार नाही याची काळजी घेतली होती. या वेळी त्यांचा हात वेगळ्याच वाटेनं गेला.

'सदर दाखला हा निम्नस्वाक्षरीकाराच्या निष्काळजीपणामुळे एका गोधडीत शिवला गेला. सदर गोधडी संबंधित बाईंना निरोपाची भेट म्हणून देण्यात येणार होती. ती संबंधित बाईंनीच उसवून दाखला बाहेर काढला. संबंधित बाईंनी एकतीस वर्षे या कार्यालयाच्या सर्व चुका स्वतःच्या खिडकीत अडवून धरल्या, बाहेर जाऊ दिल्या नाहीत. त्यांतील चारशे चुका एकट्या निम्नस्वाक्षरीकाराच्या असून त्याबद्दल त्यांचे आभार मानणे आजतागायत प्रलंबित होते. ते या पत्राद्वारे निकाली काढण्यात येत आहे. छिद्रांबद्दल संबंधित बाईंना जबाबदार धरू नये. सबब, दाखला छिद्रांसह स्वीकारावा, ही विनंती.'

एक प्रत त्यांनी बाईंच्या घरच्या पत्त्यावर पाठवली, 'माहितीसाठी' असा शेरा मारून.

वरच्या कार्यालयाचं उत्तर लवकर आलं. बाईंचं निवृत्तिवेतन मंजूर झालं होतं. सोबतच्या कागदावर लाल शाईत लिहिलं होतं: 'खुलासा मान्य. छिद्रांची नोंद घेतली.' आणि त्याखाली, वेगळ्या अक्षरात, पेन्सिलनं, जरा संकोचून लिहिल्यासारखं:

'आमच्याकडील टंकलेखक बाई पुढील वर्षी निवृत्त होत आहेत. गोधडी मशीनवर शिवावी की हातानं, हे कृपया कळवावे.'

हेडक्लार्कांनी कोरा कागद घेतला. मसुदा केला नाही, प्रती काढल्या नाहीत, जावक क्रमांक टाकला नाही.

'हातानं शिवावी,' त्यांनी लिहिलं. 'सगळ्यांनी मिळून. शिवताना जवळ कागद ठेवू नये. आणि बाईंपासून लपवायचा खटाटोप करू नये. त्यांना कळलेलं असतंच.'